पूर आला तरी गेटवर हजर

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि त्यांच्यावरचे लेख वाचून एव्हाना वाचकांचे डोळे शिणले असतील. ग्रॅच्युइटी, हातात पडणारा पगार, कामगार कपातीच्या परवानगीची मर्यादा १०० वरून ३०० वर, सगळं चघळून झालं. मी या संहिता उघडल्या त्या एकाच प्रश्नासाठी. २६ मे २०२५ च्या सोमवारी बारामतीत ज्या कामगाराचा खाडा पडला, त्याच्यासाठी यात काही आहे का?

आदल्या दिवशी पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला होता. ज्या महिन्यात इथली गावं टँकरची वाट बघतात, त्या महिन्यात बारामती आणि इंदापुरात एनडीआरएफची पथकं उतरली. उपमुख्यमंत्र्यांची पाहणी, पंचनामे, वाहून गेलेली माती, सगळ्याच्या बातम्या झाल्या. सोमवारच्या पहिल्या पाळीची मात्र बातमी होत नाही.

एमआयडीसीतला बराच कामगार आसपासच्या गावांतून, वाड्यावस्त्यांवरून दुचाकीवर किंवा कंपनीच्या बसने येतो. ओढ्याला पाणी आलं की बस फाट्यावरूनच माघारी वळते. मग सुपरवायझरचा निरोप येतो, आपापल्या सोयीने या. नाही पोचला तर खाडा. पोचला आणि लाइट नसली, तर जनरेटरवर जेवढ्या मशिन चालतील तेवढ्या चालवायच्या. बाकीच्यांनी शेडमध्ये बसून राहायचं. दुपारी घरी सोडलं तर तो दिवस रजेच्या खात्यातून वजा होतो, नाहीतर एखाद्या सुट्टीच्या दिवशी भरून द्यावा लागतो. पूर्ण पगार देणाऱ्या कंपन्याही आहेत, नाही असं नाही. पण तो मिळणार की नाही, हे बहुतेक ठिकाणी मॅनेजरच्या मनावर.

वास्तविक कायद्याला आपत्ती आणि वीज दोन्ही नावानिशी ठाऊक आहेत. विजेचा तुटवडा किंवा नैसर्गिक आपत्तीमुळे मालक काम देऊ शकला नाही, तर तो ले-ऑफ. आणि त्या दिवसाचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून जे होईल त्याचा निम्मा कामगाराला द्यायचा. ही निम्म्याची तरतूद १९५३ ची. नव्या औद्योगिक संबंध संहितेनं ती जवळपास जशीच्या तशी उचलली आहे. सत्तर वर्षांत निम्म्याचे पाऊण करावेत, असं कुणाला वाटलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. हा निम्मा पगार हवा तर नेमलेल्या वेळी कामावर हजर व्हावं लागतं. गेटवर आल्यावर दोन तासांत काम मिळालं नाही, तरच ले-ऑफ धरला जातो. म्हणजे पूर आलाय म्हणून काम नाही, हे ऐकण्यासाठी पूर ओलांडून जायचं! गिरणीच्या भोंग्याच्या अंतरावर चाळीत राहणारा कामगार डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं गेलं असावं. वालचंदनगरसारख्या, कंपनीनंच वसवलेल्या गावात ते शोभलंही असेल. वीस-पंचवीस किलोमीटरवरून मोटरसायकलवर येणाऱ्याला ते कसं लागू करायचं?

बरं, रस्ता कायद्याला दिसतच नाही असंही नाही. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार कामावर जाता-येता झालेला अपघात, नोकरीशी संबंध जुळला तर, कामावरचाच अपघात धरला जातो. पुलावरून वाहून गेलात तर वारसांना भरपाईचा हक्क. पाणी बघून शहाणपणाने मागे फिरलात तर तुम्ही गैरहजर.

त्यातून निम्म्या पगारालाही अटींची चाळण. कारखान्यात सरासरी ५० कामगार हवेत, कामगाराचं सलग एक वर्ष, म्हणजे २४० दिवस, भरलेलं हवं, तो बदली किंवा नैमित्तिक नको. ठेकेदाराच्या कामगारांना काही महिन्यांनी ब्रेक देण्याची रीत सगळ्यांना माहीत आहे. काम बंद पडल्यावर तासाभरापेक्षा जास्त थांबवून ठेवलं तर त्या सगळ्या वेळेचा पगार द्यायचा, हा नमुना स्थायी आदेशांतला, म्हणजे कारखान्याच्या सेवाशर्तींच्या नियमावलीतला, जुना नियम. महाराष्ट्रात स्थायी आदेश ५० कामगारांपासून लागू होते; संहितेनं ती रेघ ३०० वर नेली. या बदलावर जेवढी ओरड व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, असं माझं मत आहे.

‘काम नाही तर दाम नाही’ हे तत्त्व संकटात किती ताणायचं, यावर आपल्याच उच्च न्यायालयाचा एक आदेश वाचण्यासारखा आहे. ३० एप्रिल २०२०, औरंगाबाद खंडपीठ, न्यायमूर्ती रवींद्र घुगे. करोनाच्या टाळेबंदीतला पगार देण्याच्या सक्तीविरुद्ध पाच कंपन्या न्यायालयात गेल्या होत्या. कामगार काम करायला तयार आहेत, परिस्थितीनं त्यांचे हात बांधलेत, तेव्हा हे तत्त्व प्रथमदर्शनी लागू करता येणार नाही, असं न्यायमूर्तींनी म्हटलं आणि प्रवास व जेवणाचा भत्ता वगळून पगार द्यायला सांगितलं. पुढे १२ जूनला सर्वोच्च न्यायालयानं असे वाद आपसात बोलून मिटवा अशी वाट काढली, त्यामुळे घुगे यांचा मुद्दा तिथेच राहिला. विषाणूच्या जागी कालव्याचं पाणी ठेवून बघा, युक्तिवाद जराही ढळत नाही.

मुंबईत १९ ऑगस्ट २०२५ ला पावसानं कहर केला तेव्हा सरकारी कार्यालयांना सुट्टी आणि खासगी कचेऱ्यांना घरून काम, असा तोडगा निघाला. बारामतीत तीनचाकी टेम्पोची जोडणी घरून होत नाही, चॉकलेटही घरून वळता येत नाही. अतिवृष्टीत जिल्हाधिकारी शाळा बंद ठेवण्याचा आदेश काढतात. ज्या गावांचे रस्ते बंद आहेत तिथल्या कामगाराची गैरहजेरी धरू नये, एवढी ओळ त्याच कागदावर घालायला काय हरकत आहे? पोरगं घरी सुरक्षित राहावं आणि बापानं ओढा पार करावा, यात कुठलं आपत्ती व्यवस्थापन?

ऊसतोड कामगारांना मात्र ही ओळही पुरणार नाही. १ नोव्हेंबर २०२५ ला गाळप सुरू झालं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडीच्या पट्ट्यात टोळ्या उतरल्या. त्यातल्या अनेक बीडच्या, सप्टेंबरच्या पुरात स्वतःचं शिवार गमावून आलेल्या. एका कोयत्याचा, म्हणजे नवराबायकोचा, सगळा हिशेब टनावर. अवकाळी पाऊस झाला की फडात ट्रॅक्टर रुततो, तोड थांबते. तोड नाही म्हणजे टन नाही, आणि वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून मीठ-मिरचीला जे चार पैसे सुटतात तेही नाहीत. कोपीत पाणी शिरतं, सरपण भिजतं, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल तेवढीच राहते. कायद्यानं हंगामी उद्योग ले-ऑफच्या तरतुदीतून आधीच वगळलेले. त्यामुळे गेट, हजेरी, निम्मा पगार हे शब्द इथे येतच नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये साखर संकुलात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती तीन वर्षांसाठी. ती मुदत संपली की कारखाने आणि मजूर संघटनांना पुन्हा बोलणीला बसावं लागणार. टनाच्या दराबरोबर पावसानं बुडालेल्या दिवसाचाही दर संघटनांनी तिथे मागून घ्यावा.