पाणपक्ष्यांच्या सहवासात

एकदा पाय घसरला, की घरातील ज्येष्ठांचे बाहेर पडणे हळूहळू थांबते. ‘पडाल, घरीच बसा’ या शब्दांमागे माया असते. परंतु हालचाल उणावली की स्नायू दुर्बळ होतात, तोल ढळू लागतो आणि ज्या पडण्याचे भय, तेच जवळ येते. म्हणून सहल बंद करू नये, तिची रीत बदलावी. त्या दृष्टीने पक्षीनिरीक्षणासारखा छंद नाही. घाई करणाऱ्याला तेथे काही गवसत नाही. जो शांत बसतो, त्यालाच पक्षी दिसतात.

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमापाशी नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्य आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती फोफावल्या आणि पक्ष्यांना आयतेच माहेर लाभले. २०२० साली हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. हिवाळ्यात येथे चक्रवाक आणि इतर स्थलांतरित बदके उतरतात. जांभळी पाणकोंबडी, वारकरी, चित्रबलाक हेही आपल्याला भेटतात.

निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. दमा किंवा हृदयविकार असल्यास पहाटेचा हट्ट धरू नये. ऊन वर आल्यावर निघावे. कानटोपी व न घसरणारी पादत्राणे असावीत. मधुमेहींनी जेवणाची वेळ चुकवू नये. औषधांबरोबर साखर किंवा गोळ्या-बिस्किटे जवळ ठेवावीत. स्वच्छतागृहाच्या चिंतेने अनेक ज्येष्ठ पाणी पिणेच टाळतात. ते घातक आहे. सोबत करणाऱ्यांनी ही सोय आधीच विचारून ठेवावी. लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बदलावी.

निरीक्षण मनोरा चढलाच पाहिजे असे नाही. घडीची खुर्ची काठापासून अंतर राखून, सपाट जागी मांडावी. दुर्बीण जड वाटली तर कोपर खुर्चीच्या हातावर टेकवावे. दृष्टी अधू असेल तर कान द्यावा. श्रवणयंत्र असल्यास ते लावूनच यावे.

आणि सोबत करणाऱ्यांनो, ‘चला, उशीर झाला’ हे शब्द त्या दिवशी घरीच ठेवा. आपले वडील किंवा आई एखाद्या पक्ष्याचे लहानपणी ऐकलेले नाव सांगू लागतील. ते लिहून घ्या. नेहमी हात धरून नेले जाणारे माणूस त्या क्षणी आपल्याला काही दाखवत असते. औषधाच्या चिठ्ठीवर न मिळणारे हे बळ आहे.