मोडलेले हाड आणि पहिला तास

संत इग्नेशियस लोयोला यांचे चरित्र आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. परंतु त्यातील वैद्यकीय भागाकडे वाचकांचे लक्ष क्वचितच जाते. दि. २० मे १५२१ रोजी पँपलोनाच्या किल्ल्याचा बचाव करीत असता तोफेचा गोळा लागून त्यांच्या उजव्या पायाचे हाड मोडले. ते नीट बसले नाही म्हणून पुन्हा मोडून बसविण्यात आले. पुढे हाडाचा एक तुकडा वर आलेला राहिला, तोही त्यांनी कापवून घेतला, आणि हे सर्व भुलीच्या औषधावाचून! मधल्या काळात त्यांची प्रकृती इतकी ढासळली की त्यांना अंतिम संस्कार देण्यात आले. संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या पूर्वसंध्येस उतार पडला. ते वाचले, परंतु जन्मभर लंगडत चालले.

त्या काळी असा रोगी वाचणे हीच अपूर्वाई होती. नुसते हाड मोडले तर ते कालांतराने सांधते. परंतु हाड मोडून वरची कातडीही फाटली, तर बाहेरच्या मातीतील व कातडीवरील जंतूंना थेट हाडापर्यंत वाट मिळते. मग हाडात पू होतो, ते सडू लागते आणि विष रक्तात भिनते. म्हणूनच शतकानुशतके शल्यवैद्य अशा रोग्याचा पाय कापून टाकणेच पत्करीत.

येळ्ळूरच्या वाचकांना हा विषय परका वाटू नये. राजहंसगडाच्या पायथ्याचे आपले भाताचे शिवार, चिखलणीच्या दिवसांत त्यात फिरणारे ट्रॅक्टर, उसाने भरलेल्या ट्रॉल्या, आणि निपाणीवरून बेळगावकडे येणारा पुणे-बंगळूर महामार्ग ही सारी हाडे मोडण्याची ठिकाणेच होत. त्यातही शेतातील जखम अधिक वाईट. कारण शेणखताच्या मातीत धनुर्वाताचे आणि मांस सडविणारे जंतू वस्तीलाच असतात.

या संकटावर पहिला मोठा विजय मिळविला तो जोसेफ लिस्टर या शल्यवैद्याने. ऑगस्ट १८६५ मध्ये ग्लासगो येथे जेम्स ग्रीनलीज नावाच्या ११ वर्षांच्या मुलाच्या पायावरून गाडीचे चाक गेले. हाड मोडले व जखम झाली. लिस्टरने कार्बोलिक आम्लात भिजविलेली पट्टी जखमेवर बांधली. पू झाला नाही, आणि सुमारे सहा आठवड्यांनी तो मुलगा आपल्या पायांनी घरी गेला. जंतू आधीच मारावेत, पू होण्याची वाट पाहू नये, हा विचार तेथून रूढ झाला.

पुढे १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा शोध लागला. आपल्या मराठी मुलखाचाही या कथेत भाग आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे त्यास साहाय्य होते.

मोडलेल्या उघड्या हाडास प्रतिजैविकांचा खरोखर उपयोग होतो काय, याची कसोटी मात्र बऱ्याच उशिरा लागली. १९७४ साली अमेरिकेतील पात्झाकिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रोग्यांचे गट पाडून निकाल प्रसिद्ध केला. ज्यांना प्रतिजैविक दिले नव्हते त्यांच्यात शेकडा सुमारे १४ जखमा चिघळल्या. पेनिसिलीन व स्ट्रेप्टोमायसीन दिलेल्यांत सुमारे १०. आणि सेफॅलोथिन हे त्या वेळचे नवे औषध दिलेल्यांत अवघ्या दोन-अडीच. पेनिसिलीन का कमी पडले? कातडीवरील जंतूंपैकी पुष्कळांनी तोवर त्याला दाद न देण्याची कला साधली होती. म्हणून आज बहुधा सेफॅझोलिन शिरेतून देतात. जखम मोठी असल्यास जेंटामायसीनसारखे दुसरे औषध जोडतात. आणि शेतातील घाण शिरली असल्यास सडविणाऱ्या जंतूंसाठी पेनिसिलीनचाही विचार होतो.

यातील मर्म वेळेत आहे. पहिल्या काही तासांत जंतू थोडे असतात व मोकळे असतात. नंतर ते वाढतात, मेलेल्या हाडाला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. त्या थरात औषध नीट शिरत नाही. म्हणूनच पहिले इंजेक्शन शक्य तो इजेपासून एका तासाच्या आत पडावे, असा आजच्या तज्ज्ञांचा आग्रह आहे. तथापि औषध रक्तावाटे जाते, आणि चेंगरलेल्या मांसाला रक्तच पोहोचत नाही. तेव्हा जखम धुऊन मेलेला भाग काढून टाकण्याचे काम शल्यवैद्यालाच करावे लागते. गोळ्या घेतल्या म्हणजे भागले, असे कोणी समजू नये.

आणि हे औषध पुष्कळ दिवस घेतले म्हणजे अधिक गुण येतो, असेही नाही. लहान जखमेस साधारण एक दिवस, मोठीस सुमारे तीन दिवस, एवढ्यावर प्रतिबंधक औषध सहसा थांबवितात. उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून शेजाऱ्याच्या पडशाला देण्याची आपल्याकडील उदार रीत आम्हांस मुळीच पसंत नाही. अपुऱ्या मात्रेने जंतू शहाणे होतात, हा इशारा खुद्द फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिला होता.

आता घरच्यांनी काय करावे? जखमेवर हळद, तंबाखू, चहापूड, शेण यांपैकी काहीही घालू नये. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. स्वच्छ धुतलेल्या कापडाने जखम झाकावी, रक्त वाहत असल्यास त्यावर दाब द्यावा, हातपाय आहे त्या स्थितीत फळीला किंवा काठीला बांधून स्थिर करावा, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हाडवैद्यांविषयी आमच्या मनात अनादर नाही. परंतु कातडी फाटली असेल तर तो त्यांचा प्रांत नव्हे. तेथे गेलेली दुपार पुन्हा मिळत नाही.

रस्त्यावर परका मनुष्य पडलेला दिसला तर पोलिसांच्या भयाने मागे फिरू नये. शोमरोनी मनुष्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, ही प्रभूची दृष्टांतकथा आपण जाणतो; त्या शोमरोन्याचे नाव आता आपल्या देशाच्या कायद्यातही आले आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालण्यात आले. सद्‌भावाने मदत करणाऱ्यास त्यान्वये संरक्षण आहे, आणि त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. शिवाय मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्त्यावरील मोटार अपघातातील जखमींसाठी योजना लागू केली. तीनुसार नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार मिळतात.

रुग्णालयात पोहोचताच डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारता सांगाव्यात: इजा किती वाजता झाली, जखमेत शेतातील माती किंवा शेण गेले काय, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटी केव्हा घेतले. घरात कोणाला पेनिसिलीन सोसत नसेल, तर तसे एका कागदावर ठळक लिहून त्याच्या पाकिटात आजच ठेवावे.