प्राध्यापकांची संशोधन-उत्पादकता आणि व्यक्तिगत गुण : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी प्राध्यापकांच्या संशोधनाला गुणांकांचे मोजमाप लावले व शोधनिबंधांची संख्या बढतीशी जोडली गेली. पात्रता, वेतन आणि कार्यभार समान असूनही एक प्राध्यापक सातत्याने लिहितो, तर दुसरा पीएच.डी. नंतर थांबतो. या तफावतीमागील व्यक्तिगत गुणांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गुणांचा गुणाकार :
विल्यम शॉक्ले यांनी १९५७ मध्ये संशोधन-उत्पादकतेचे आठ घटक मांडले : समस्या सुचणे, तिच्यावर काम करणे, मोलाचा निष्कर्ष ओळखणे, कोठे थांबावे हे ठरविणे, नेटके लेखन, टीकेचा लाभ घेणे, निबंध पाठविण्याचा निश्चय आणि सुचविलेले बदल चिकाटीने करणे. या घटकांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. प्रत्येक घटकात दीडपट सरस असलेल्या व्यक्तीची उत्पादकता सुमारे २५ पट ठरते. उलट, एकच घटक निम्मा झाला तरी एकूण फळ निम्मे होते. बुद्धिमान प्राध्यापकाचा निबंध परीक्षकांच्या शेऱ्यांनंतर कपाटात का पडून राहतो, याचा उलगडा यातून होतो.

जिज्ञासेचे उदाहरण :
तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणू येथे १९०५ मध्ये जन्मलेले व ठाण्यात माध्यमिक शिक्षण घेतलेले द. रा. कापरेकर यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. १९३० ते १९६२ या काळात देवळाली येथे शालेय शिक्षक असतानाच, १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. जगभर प्रसिद्धी मिळाली ती मात्र मार्टिन गार्डनर यांच्या १९७५ मधील लेखामुळे. गुणांकांच्या तक्त्यात अशा जिज्ञासेला रकाना नाही.

परिस्थितीची मर्यादा :
तथापि सर्व भार व्यक्तीवर टाकणे अन्यायाचे ठरेल. सहायक प्राध्यापकास आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असते. त्यात परीक्षा, नॅकची कागदपत्रे व लोकलचा प्रवास यांची भर पडते. अध्यापिकांच्या वाट्याला बहुधा घरकामही येते. आत्मशिस्त हा गुण खरा, परंतु तिला वेळ लागतो.

निष्कर्ष :
यूजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाल्याने नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी प्राध्यापक व महाविद्यालय यांच्यावर आली आहे. त्यामुळे प्रामाणिकपणा हा गुण संख्येहून मोलाचा ठरतो. वेळापत्रकात संशोधनासाठी राखीव अर्धा दिवस आणि परीक्षकांच्या शेऱ्यांना उत्तर देताना ज्येष्ठांचे साहाय्य, एवढी सोय झाली तरी कपाटातील अनेक निबंध बाहेर येतील.