गणवेशाची वाट – लेखांक 7
पायलट व्हायचंय, मग डिग्री कशातली?

18 जून 2016 रोजी हैदराबादजवळच्या दुंडिगलला, एअर फोर्स अकादमीत, अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग यांना कमिशन मिळालं. लढाऊ विमानांसाठी निवड झालेल्या या पहिल्या भारतीय मुली. फोटो सगळ्या पेपरांत झळकले, पदव्यांकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. अवनी वनस्थळी विद्यापीठातून कॉम्प्युटर सायन्समध्ये बी.टेक. झालेली, भावना बंगळूरच्या बीएमएस कॉलेजातून मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स घेऊन इंजिनिअर झालेली, मोहना अमृतसरला इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन शिकलेली. एरोनॉटिकल तिघींपैकी एकीचंही नव्हतं. त्या संचलनाची मानवंदना घेतली ती तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी. ते स्वतः आयआयटी मुंबईचे धातुशास्त्राचे इंजिनिअर, म्हणजे पदवी एकीकडे आणि काम दुसरीकडे हा प्रकार व्यासपीठावरही होताच.

गेल्या लेखात आपण एनडीए, सीडीएस आणि एएफकॅट या तीन वाटा पाहिल्या. त्यातली पदवीनंतरची वाट धरणाऱ्यांना पहिला प्रश्न हाच पडतो की डिग्री कशातली घ्यायची. माझं मत आधीच सांगतो: पायलट होण्याच्या दृष्टीने खरा निर्णय अकरावीच्या प्रवेशाला होऊन गेलेला असतो. पदवीचा विषय निवडताना विचार करायचा तो पायलट न झाल्यास काय, याचा.

एएफकॅटची जाहिरात नीट वाचा. फ्लाइंग ब्रँचसाठी कुठल्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी चालते, अट 60 टक्क्यांची. बी.ई., बी.टेक. असाल तरी तेच 60. बी.ए. इतिहासवाला आणि बी.कॉम.वाली दोघेही बसू शकतात. पण बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र, दोन्हींत किमान 50 टक्के हवेतच, आणि इथे सूट नाही. आपल्याकडे सायन्सला गेलेली कितीतरी मुलं मेडिकलचा विचार करून गणित सोडतात आणि बायोलॉजी ठेवतात. ‘पुढे बघू’ म्हणून सोडलेलं गणित तीन वर्षांनी चांगली बी.एस्सी. हातात असतानाही आडवं येतं.

बारावीच्या गणिताचा एवढा आग्रह का, ते एका उदाहरणाने पाहू. वैमानिकांचा एक जुना नियम आहे, ‘वन इन सिक्स्टी’. दिशेत एका अंशाची चूक झाली तर साठ मैलांनी तुम्ही मार्गापासून साधारण एक मैल भरकटता. समजा, तीस मैल उडून झाल्यावर खाली ओळखीचा पूल दिसला आणि नकाशावरून कळलं की आपण रेषेच्या दोन मैल डावीकडे आहोत. दोन गुणिले साठ भागिले तीस, म्हणजे चूक चार अंशांची. चार अंश उजवीकडे वळलात तर मूळ रेषेला समांतर जाल, आठ अंश वळलात तर आणखी तीस मैलांनी रेषेवर परत याल. यामागे त्रिकोणमिती आहे, तीही दहावी-बारावीचीच. दुसरं उदाहरण: उंची कायम ठेवून साठ अंश कलून वळण घेतलं की विमानावर आणि तुमच्या अंगावर दुप्पट भार येतो, कारण साठ अंशांची कोसाइन अर्धी असते. त्याच वळणात विमान स्टॉल होण्याचा, म्हणजे पंखांची उचल सुटण्याचा, वेग सुमारे एक्केचाळीस टक्क्यांनी वाढतो, कारण तो भाराच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. यातलं काहीही पदवीच्या अभ्यासक्रमातलं नाही. अवघड भाग हा की हे कागद-पेन्सिल न घेता, एका हाताने विमान सांभाळत, कानात रेडिओ चालू असताना करायचं असतं.

उरलेलं सगळं दुंडिगलला शिकवतात. एरोडायनॅमिक्स, हवामान, नेव्हिगेशन, इंजिन, उपकरणं यांचे तास पहिल्यापासून होतात आणि मग पिलाटस पीसी-7 या स्विस बनावटीच्या विमानावर उड्डाण सुरू होतं. मेकॅनिकलवाल्याला पहिले काही आठवडे इंजिनाचे धडे सोपे जातील, एवढाच काय तो फायदा.

तरी ‘पायलट व्हायचंय, मग एरोनॉटिकल घे’ हा सल्ला घराघरांत दिला जातो. एरोनॉटिकल इंजिनिअर विमानाचं डिझाइन करतो, ते बांधतो, त्याची देखभाल पाहतो. विषय उत्तम आहे, पण ज्याला आवडतो त्याने घ्यावा. कॉकपिटमध्ये बसायला मिळेल म्हणून जो घेतो, त्याच्यावर द्रवगतिकीची समीकरणं सोडवत चार वर्षं काढायची वेळ येते आणि 60 टक्क्यांची रेषाही हातची निसटू शकते. ‘बी.एस्सी. एव्हिएशन’ किंवा कमर्शियल पायलट लायसन्सच्या महागड्या कोर्सचं बोलायचं, तर वायुसेनेच्या दृष्टीने त्या लायसन्सचा एक ठोस फायदा आहे: वयोमर्यादा 24 ऐवजी 26 होते. निवड झाली की उडायला मात्र पहिल्यापासून शिकवतात.

वयाचा हिशेब लोक हमखास चुकतात. मर्यादा 20 ते 24 वर्षांची, पण वय मोजतात ते कोर्स सुरू होतो त्या तारखेला. परीक्षा साधारणपणे फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये होते, कोर्स पुढच्या वर्षीच्या जानेवारीत किंवा जुलैत. मधले दहा-अकरा महिने तुमच्याच वयातून जातात. म्हणजे तेविसावं लागलं की शेवटच्या एक-दोन संधी उरल्या असं समजायचं. अठराव्या वर्षी बारावी झालेली मुलगी तीन वर्षांची बी.एस्सी. करते तेव्हा एकवीसची असते, इंजिनिअरिंग केलं तर बावीसची. शेवटच्या वर्षात असताना अर्ज करता येतो, पण तेव्हा एकही बॅकलॉग नको आणि तोवरची सरासरी साठच्या वर हवी. जेईईसाठी एक वर्ष ड्रॉप, मग इंजिनिअरिंगला एक वर्ष गेलेलं, असं झालं तर हातात जेमतेम एखादी संधी राहते. म्हणून मी अवघड शाखेचा मोह धरू नका म्हणतो. ज्या विषयात सहज फर्स्ट क्लास येईल तो घ्या.

आता तो अप्रिय भाग. एसएसबीत, म्हणजे लेखी परीक्षेनंतरच्या निवड मंडळासमोर, बाकी सगळ्यांत पास झालात तरी पायलटच्या उमेदवाराला सीपीएसएस ही संगणकावरची चाचणी द्यावी लागते. हात, पाय, डोळे, कान एकाच वेळी किती चालतात ते ती पाहते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात की एनडीए, सीडीएस, एएफकॅट, कुठल्याच वाटेने पुन्हा पायलटसाठी बसता येत नाही. नंतर मेडिकल. तिथे उंची किमान 162.5 सेंटिमीटर तर हवीच, शिवाय मांडीची लांबी 64 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. कारण साधं आहे: इजेक्शन सीट वर उडताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटता कामा नयेत. हुशारी, मेहनत, पदवी, यांतलं काहीही मांडी दोन सेंटिमीटरने आखूड करत नाही.

आणि पदवीचा विषय इथे कामाला येतो. एएफकॅट ही एकच परीक्षा फ्लाइंगबरोबर जमिनीवरच्या शाखांसाठीही असते, आणि कुठल्या शाखेच्या चौकोनात खूण करता येईल ते पदवी ठरवते. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर किंवा मेकॅनिकल झालेल्यांना टेक्निकल ब्रँच खुली असते. कॉमर्सवाल्यांना अकाउंट्स. गणित-भौतिकशास्त्र घेऊन विज्ञानाचे पदवीधर झालेल्यांना हवामान विभागाचा विचार करता येतो. त्यांचे शारीरिक निकष पायलटइतके कडक नाहीत. जिला वायुसेनेतच राहायचं आहे, विमान चालवायला मिळो वा न मिळो, तिने इंजिनिअरिंग घ्यावं असं मी म्हणेन. जिला पायलट नाही तर वायुसेनाच नको, तिने बाहेर ज्यावर पोट भरता येईल आणि मनही रमेल असा विषय पाहावा.

एनडीएवाल्यांची गोष्ट निराळी. खडकवासल्यात पदवी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची मिळते, आणि बी.टेक. घेणाऱ्या हवाई दलाच्या कॅडेटला तिसऱ्या वर्षाअखेर नुसतं तीन वर्षं पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. चौथं वर्ष दुंडिगलला, म्हणजे उड्डाण शिकत असतानाच पुरं करायचं. पहाटेची ड्रिल, दुपारचे खेळ आणि मधल्या तासाला डुलक्या आवरत सेमिस्टरची तयारी असा तिथला दिवस. नापासांना रेलिगेशन, म्हणजे सोबतचे पुढे आणि तुम्ही एक टर्म मागे.

पदवी अर्ध्यावर ठेवून उडायला गेलेल्यांत सर्वांत नामवंत माणूस अमेरिकेचा. नील आर्मस्ट्राँग 1947 साली नौदलाच्या योजनेतून पर्ड्यू विद्यापीठात एरोनॉटिकल शिकायला गेला. 1949 मध्ये त्याला पेन्साकोलाला उड्डाणाच्या प्रशिक्षणासाठी बोलावलं, मग कोरियाच्या युद्धात 78 मोहिमा झाल्या, 1952 मध्ये तो परत वर्गात येऊन बसला आणि 1955 मध्ये इंजिनिअर झाला. त्या पदवीचा उपयोग त्याला टेस्ट पायलट म्हणून झाला. आपल्याकडे वायुसेनेचे टेस्ट पायलट शुभांशु शुक्ला यांचा क्रम उलटा: एनडीएतून कॉम्प्युटर सायन्सची बी.एस्सी., 2006 मध्ये कमिशन, आणि पुढे बंगळूरच्या आयआयएससीतून एरोस्पेसचं एम.टेक. 2025 च्या जूनमध्ये ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचले. म्हणजे ज्यांना पुढे टेस्ट पायलट व्हायचं आहे त्यांना विमानाचं शास्त्र खोलात शिकायचं असतंच, पण ते नोकरीत आल्यावरही शिकता येतं.

राहता राहिलं कॉलेज. दोन कॉलेजांत घोळ होत असेल तर जिथे एनसीसीची एअर विंग आहे ते घ्या. सीनियर डिव्हिजनचं ‘सी’ सर्टिफिकेट मिळालं तर एएफकॅटची लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला जाता येतं आणि फ्लाइंगच्या दहा टक्के जागा त्या वाटेसाठी राखीव असतात. पुण्यात आणि नागपुरात एनसीसीच्या एअर स्क्वाड्रन आहेत, पण सगळ्या कॉलेजांत ही विंग नसते. सर्टिफिकेटसाठी पदवीची तीन वर्षं लागतात, म्हणून नावनोंदणी पहिल्याच वर्षी करावी लागते. प्रवेशाची फी भरायच्या आधी ऑफिसात एवढं विचारून घ्या.

पुढच्या आठवड्यात: सीपीएसएसच्या खोलीत नेमकं काय होतं.