कोरडवाहू मैदानातले मास्तर

२०११च्या जनगणनेत आपल्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या भरली जवळपास २६ लाख, आणि अख्ख्या मिझोराम राज्याची ११ लाखांच्या आत. म्हणजे आपल्या तेरा तालुक्यांत तसली दोन राज्यं बसवली तरी वर काही लाख माणसं उरतील. त्या राज्याची राजधानी ऐजॉल. तिथला ऐजॉल एफसी हा संघ ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगच्या मैदानावर उतरला, तेव्हा देशाचं विजेतेपद मिळवायला त्याला फक्त एक बरोबरी पुरेशी होती. आणि नवव्याच मिनिटाला शिलाँग लाजाँगने गोल चढवला. तो फिटायला ६७वं मिनिट उजाडलं. विल्यम लालनुनफेलाने चेंडू जाळ्यात धाडला आणि सामना १-१ असा सुटला. ३७ गुणांवर ऐजॉल पहिला, ३६ गुणांवर कोलकात्याचा बलाढ्य मोहन बागान दुसरा. ईशान्य भारतातल्या संघाने आय-लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

गंमत म्हणजे आदल्या हंगामात हाच संघ घसरून खालच्या गटात गेला होता. गोव्याच्या क्लबांनी स्पर्धेतून अंग काढून घेतलं, जागा रिकामी झाली, म्हणून ऐजॉलला परत बोलावणं आलं. संघाचे प्रशिक्षक होते मुंबईहून आलेले खालिद जमील. त्यांनी चाळिशी ओलांडून त्या दिवशी नऊच दिवस झाले होते.

आपल्याकडे फुटबॉलची चर्चा रंगते ती चार वर्षांतून एकदा, विश्वचषकाच्या वेळी. महाराष्ट्रात हा खेळ जीव ओवाळून बघायचा तो कोल्हापुरात, पेठापेठांच्या संघांत, नाहीतर मुंबईच्या कूपरेज मैदानावर. जमील त्या कूपरेजच्या मातीतले. जन्म मात्र कुवेतचा, २१ एप्रिल १९७७चा. लहानपणी तिथल्या एका शिबिरात त्यांना फ्रेंच फुटबॉलपटू मिशेल प्लातिनी भेटला होता. आखाती युद्धाच्या धामधुमीत कुटुंब भारतात आलं आणि पोरगा मुंबईच्या मैदानांवर वाढला. महिंद्रा युनायटेड, मग एअर इंडिया, पुन्हा महिंद्रा अशी त्यांची कारकीर्द. खेळायचे मधल्या फळीत. भारताची जर्सीही अंगावर चढली. महिंद्राने २००५-०६ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली तेव्हा ते त्या संघात होते आणि प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. तेही एके काळचे खेळाडूच.

तो काळ कंपन्यांच्या संघांचा होता. खेळाडू पगारावर असायचा, पण खेळ हा कंपनीच्या ताळेबंदातला एक कोपरा. मनात आलं की कोपरा पुसला जायचा. महिंद्रा युनायटेड हा देशातला नावाजलेला संघ २०१०मध्ये असाच बंद झाला.

जमील त्याआधी, २००७मध्ये, नव्याने उभ्या राहिलेल्या मुंबई एफसीत गेले होते. तिथे दुखापतींनी पाय सोडले नाहीत. २००९मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, ते त्याच क्लबचे मुख्य प्रशिक्षक झाले. पुढची सात वर्षं त्यांनी काय केलं, हे चषकांच्या यादीत शोधायला जाऊ नये. तिथे काहीच सापडणार नाही. दरवर्षी कमी पैशांत संघ बांधायचा, बचाव पक्का ठेवायचा, एकेक गुण गोळा करायचा आणि हंगामाच्या शेवटी वरच्या गटात तग धरायचा, एवढाच तो संसार. प्रेक्षणीय खेळ नाही म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही होते. पण कोरडवाहू शेती करणाऱ्याला कुणी बागायतदाराच्या उताऱ्याचा हिशेब मागत नाही. २०१६मध्ये जमील गेले आणि पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन घसरला. नंतर क्लबच मिटला. योगायोग म्हणा हवं तर. मला तरी तो वाटत नाही.

ऐजॉलला जाताना त्यांनी मुंबईतले ओळखीचे काही खेळाडू सोबत नेले. त्यात आपला जयेश राणे होता, बचावातला आशुतोष मेहता होता. गोलात गोव्याचा अल्बिनो गोम्स. बाकी बरीचशी मिझो पोरं. मिझोराममध्ये फुटबॉल गल्लीबोळात खेळला जातो आणि २०१२पासून राज्याची स्वतःची लीग आहे. तिथे गुणांचा दुष्काळ नव्हता, कमतरता होती ती शिस्तीने बांधणाऱ्या माणसाची. शेवटून दुसऱ्या सामन्यात, २२ एप्रिलला, ऐजॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० असं नमवलं. तो गोल ८३व्या मिनिटाचा, बचावपटू झोमिंगलियाना राल्तेच्या डोक्याने केलेला.

यानंतरची कहाणी सरळ वर चढत गेली असती तर लिहायला सोपी होती. ईस्ट बंगालने त्यांना नेलं. आय-लीगमध्ये चौथा क्रमांक आला आणि कोलकात्यात चौथा क्रमांक म्हणजे अपयशच. मग मोहन बागान, तेही थोडक्यात आटोपलं. पुढे इंडियन सुपर लीगमधल्या, गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये ते सहायक म्हणून राहिले. जानेवारी २०२१मध्ये परदेशी प्रशिक्षकाला काढल्यावर संघ हंगामापुरता त्यांच्या हाती आला, आणि उरलेले साखळी सामने एकही न हरता तो बाद फेरीत पोचला. त्याच वर्षी क्लबने त्यांना कायम केलं. ही लीग २०१४पासून सुरू. तिच्यात भारतीय माणूस पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक व्हायला सात वर्षं लागली. पुढचा हंगाम मात्र पार फसला. जमील तिथून उतरून तिसऱ्या श्रेणीतल्या बेंगळुरू युनायटेडकडे गेले. इतक्या खाली उतरून काम करायची तयारी किती नामवंतांची असते?

चांगला खेळला म्हणून चांगलं शिकवता येतं, असं नाही. प्रशिक्षकाला परवाने काढावे लागतात: खालून वर चढत क, ब, अ आणि शेवटी आशियाई महासंघाचा प्रो परवाना. जमील यांच्याकडे तो आहे. डिसेंबर २०२३मध्ये जमशेदपूरचा डळमळता संघ त्यांच्याकडे आला. २०२४-२५मध्ये त्यांनी तो लीगच्या उपांत्य फेरीत आणि सुपर कपच्या अंतिम सामन्यात नेला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने लागोपाठ दोन वर्षं त्यांना सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवलं.

१ ऑगस्ट २०२५ला राष्ट्रीय संघाची जबाबदारी त्यांच्यावर आली. २०१२मध्ये गोव्याचे सावियो मेदेरा पायउतार झाल्यापासून त्या खुर्चीवर भारतीय बसला नव्हता. यावेळी शेवटच्या तीन नावांत स्टीफन कॉन्स्टंटाइनसारखे अनुभवी परदेशीही होते. वेळ मात्र कशी? देशाची लीग करारांच्या भांडणात अडकलेली आणि मोहन बागानने शिबिराला खेळाडू सोडायला नकार दिलेला. पुन्हा कोरडवाहूच! तरी ऑगस्टअखेर भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१ने हरवलं, आणि ८ सप्टेंबरला मध्य आशियाई नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टींवर मात देऊन तिसरं स्थान घेतलं. ओमानवर भारताचा हा पहिलाच विजय.

जमील यांच्या पद्धतीची मर्यादाही लगेच दिसली. बचाव राखून एखादा सामना काढता येतो. जिंकावाच लागेल असा सामना जिंकायला पुढच्या फळीत धार लागते, आणि सुनील छेत्रीनंतर ती धार देशाला सापडलेली नाही. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही ०-१ हार झाली. पण खरा घाव त्याआधीचा, १४ ऑक्टोबरचा, मडगावच्या फातोर्डा मैदानावरचा. आधी आघाडी घेऊन भारत सिंगापूरकडून १-२ हरला आणि २०२७च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. त्या संध्याकाळी भारताचा एकमेव गोल केला लालियानझुआला छांगटेने. तो मिझोरामचा, लुंगलेईचा.