लाल डोळ्याचे झुडूप

कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी बांधायच्या, वर शेणमातीने लिंपायचे, की कुडाची भिंत उभी राहते. कोकणातल्या जुन्या घरांत ती अजून दिसते. १७८८ नंतर सिडनीच्या परिसरात वसलेल्या इंग्रजांनीही तिथल्या लवचिक फांद्या विणून, चिखलाने लिंपून अशीच घरे बांधली. असा कूड म्हणजे इंग्रजीत वॅटल. पुढे हेच नाव ऑस्ट्रेलियातल्या बाभळींच्या साऱ्या गोतावळ्याला चिकटले. जाती हजाराच्या आसपास, आणि बहुतेकींना काटेच नाहीत.

त्यांतले समुद्राकाठचे एक झुडूप म्हणजे अकेशिया सायक्लॉप्स. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या हे त्याचे माहेर. खाऱ्या वाऱ्याच्या माऱ्यात ते जमिनीलगत पसरते, आडोसा मिळाला तर तीन-चार मीटर वाढते. त्याची पाने खरी पाने नव्हेतच. रोप कोवळे असताना बाभळीसारखी पिसांची पाने येतात. नंतर देठच चपटा आणि चिवट होऊन पानाचे काम करतो. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पुरवतात, म्हणून निकस वाळूही त्याला पुरते.

खरी नवलाई शेंगेत आहे. पिकलेली शेंग पीळ पडून उघडते, पण बिया गळत नाहीत, तिथेच लटकून राहतात. प्रत्येक काळ्याभोर बीभोवती लाल-नारिंगी, मांसल नाळेचा दुहेरी वेढा असतो. तारवटलेला डोळा आपल्याकडे रोखून बघावा तशी ती बी दिसते. ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसाचे नाव झुडपाला मिळाले ते यावरूनच. पक्षी त्या लाल वेढ्याला भुलतात, बी गिळतात आणि लांब नेऊन टाकतात.

हाच डोळा दक्षिण आफ्रिकेला भोवला. केप टाउनजवळच्या सपाटीवर उडत्या वाळूने रस्ते बुजायचे. ती वाळू बसवायला एकोणिसाव्या शतकात हे झुडूप आणून लावले. वाळू बसली, पण तिथल्या पक्ष्यांनाही बिया आवडल्या, आणि माहेरी बियांवर ताव मारणारे किडे तिथे नव्हतेच. झुडूप फिनबोसमध्ये घुसले. फिनबोस म्हणजे तिथली खुरटी, रंगीबेरंगी झुडपी वनश्री. केपच्या त्या चिमुकल्या पट्ट्यात सुमारे ९,००० जातींच्या वनस्पती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत. अशा ठेव्यावर परक्या झुडपाने सावली धरावी, याची हळहळ वाटते.

तिथे त्याला रोइक्रान्स म्हणतात, म्हणजे लाल कडे. सरपण म्हणून ते नामी, विकतही घेतात. मग झाडच मारून कसे चालेल? शास्त्रज्ञांनी नेमके बी रोखायचे ठरवले. १९९० च्या दशकात बी खाणारा सोंडकिडा ऑस्ट्रेलियातून आणला. २००१ मध्ये चिलटाएवढी एक माशी आणून सोडली. तिच्या अळीमुळे फुलाची गाठ होते आणि शेंग धरतच नाही. १९९५ पासून सरकारी योजनेत बेरोजगारांच्या हातांना तोडणीचे काम मिळते, तेही मोलाचेच. पण मला विचाराल तर माशीची युक्ती अधिक शहाणपणाची.

कोकण-गोव्यात सर्रास लावलेली आकेशिया, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ, ही याच झुडपाची चुलत बहीण. तिची पीळदार शेंग उचलून बघा, बीला पिवळी-नारिंगी नाळ दिसेल. गावात लागवडीची चर्चा निघाली, तर उंडी, भेंडी, करंज यांची रोपे मागा. किनाऱ्यावर वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल आपल्याकडे आहेच. साफसफाईच्या नावाखाली तिला उपटू देऊ नका.