गावच्या जागेवर फलक लावू द्यावा, पण लेखी

वीतभर बांधासाठी भावाभावांत कोर्टकचेरी होते. मोजणी मागवली जाते, खुणांचे दगड गाडले जातात. पण गावच्या चौकात किंवा बाजारतळावर कोणी रातोरात खांब पुरून बियाण्याचा, खताचा नाहीतर मोबाईलचा भला मोठा फलक उभा केला, तर आपण एकमेकांना एवढेच विचारतो, "कोणी लावला रे हा?" आणि पुढे चालू लागतो. शेतकरी बंधुभगिनींनो, ती जागाही आपलीच आहे. बांधाला जो न्याय, तोच गावच्या जागेला हवा.

जाहिरात वाईट असते असे नाही. मोखाडा-जव्हारसारख्या भागात ग्रामपंचायतीचे उत्पन्न तुटपुंजे. जागेचे रीतसर भाडे आले, तर दिवाबत्तीला, विहिरीच्या गाळाला चार पैसे मिळतील. पण तोंडी होकारावर फलक उभा राहिला की पैसा कोठे गेला हे कळत नाही आणि फलक पडला तर जबाबदार कोण हेही ठरत नाही. म्हणून होकार देण्याआधी पुढील गोष्टी पाहाव्यात.

जागा कोणाची?

मोखाडा गावाला आता नगरपंचायत आहे आणि जव्हारला १९१८ पासून नगरपालिका. तेथे अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे करावा लागतो. बाकीच्या गावा-पाड्यांत अर्ज ग्रामपंचायतीकडे जातो. मात्र गावातली प्रत्येक मोकळी जागा ग्रामपंचायतीची नसते. जव्हारहून मोखाड्यावरून त्र्यंबककडे जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. त्याच्या हद्दीतली परवानगी ग्रामपंचायतीच्या हातात नाही. वनखात्याच्या जागेचेही तसेच. गायरान गुरांसाठी राखलेले असते. गावाच्या सामायिक जागांवरील अतिक्रमणे काढा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये सगळ्या राज्यांना दिलेला आहे. तेव्हा आधी तलाठी कार्यालयातून उतारा आणावा, ग्रामपंचायतीची मालमत्ता नोंदवही पाहावी, मगच पुढे बोलावे.

ही चौकशी वरवरची राहिली तर काय होते, ते मुंबईने पाहिले. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वळवाच्या वादळात पेट्रोल पंपावर फलक कोसळला आणि १७ माणसे दगावली. फलक सुमारे १२० फूट लांब व तितकाच उंच होता, तर महापालिकेची मर्यादा ४० फुटांची. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली. महापालिकेची परवानगी नव्हती. जागा एकाची आणि परवाना दुसऱ्याचा, अशा ठिकाणी दोघांचेही कागद लागतात, हा त्यातला धडा.

होकार कोणाचा?

सरपंच भला माणूस असेल, पण गावची जागा त्याच्या एकट्याची नव्हे. आपले दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा कायदा १९९६ चा आणि त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. या कायद्याने गावच्या बाजाराची व्यवस्था पाहण्याचा अधिकार गावाकडेच ठेवला आहे. म्हणून बाजारतळावरच्या फलकाचा विषय ग्रामसभेत यावा. आधी महिलांची सभा होते, तिथेही तो वाचून दाखवावा. एसटीची वाट पाहत बायाबापड्या जिथे उभ्या राहतात, नेमकी तीच जागा फलकवाल्याला हवी असते.

ठरावात इतके तरी असावे: जागेची चतुःसीमा, फलकाची लांबी-रुंदी, मुदत, भाडे, अनामत रक्कम, मुदत संपल्यावर फलक कोण काढणार, आणि अपघात झाल्यास भरपाई कोण देणार. मोठ्या लोखंडी फलकासाठी अभियंत्याचा मजबुतीचा दाखला मागावा. आपल्याकडचा पाऊस आणि घाटातला वारा काही सांगून येत नाही. कापडी फलक तर मे अखेर उतरवलेलेच बरे.

साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. त्या प्रकरणात ३१ जानेवारी २०१७ रोजी निकाल लागला. तो शहरांपुरता असला, तरी त्या लढ्यातून पुढे आलेली एक साधी युक्ती आपणही उचलावी. फलकाच्या कोपऱ्यात परवानगीचा क्रमांक आणि मुदत रंगवायला लावावी. म्हणजे शाळेतले पोरही वाचून सांगेल की फलक खरा की चोरटा.

पैसा कोठे?

जाहिरातीवरचा कर २०१७ मध्ये वस्तू व सेवा करात गेला. तेव्हा गावाने जागेचे भाडे म्हणूनच रक्कम घ्यावी. समजा, १० फूट बाय ८ फुटांचा फलक आहे, म्हणजे ८० चौरस फूट. ग्रामसभेने चौरस फुटाला महिना १० रुपये ठरवले, तर महिन्याचे ८०० आणि वर्षाचे ९,६०० रुपये झाले. हा दर केवळ उदाहरणाचा आहे. आपला दर आपण ठरवावा. पण रक्कम ग्रामनिधीच्या खात्यात भरावी, छापील पावती घ्यावी आणि पुढच्या ग्रामसभेत हिशेब वाचावा. बोहाड्याला किंवा क्रिकेटच्या सामन्यांना कोणी रोख दिली आणि त्या बदल्यात वर्षभर चौक बळकावला, तर तो सौदा गावाला महागात पडतो. उत्सवाचा फलक उत्सव संपताच उतरावा.

कोणी प्रवासी निवारा किंवा पाण्याची टाकी बांधून देतो आणि त्यावर आपले नाव घालायला सांगतो. जरूर घालू द्यावे. मात्र नाव किती मोठे, किती वर्षे आणि डागडुजी कोणाकडे, हे करारात लिहून घ्यावे. नाहीतर पत्रे उडून जातात आणि नाव तेवढे उरते. जागा जास्त वर्षांसाठी द्यायची असेल, तर जिल्हा परिषदेची मंजुरी लागते का, हे पंचायत समितीत विचारून घ्यावे.

फलकावर काय लिहिले आहे?

हा प्रश्न माझ्या खात्याचा, म्हणून आग्रहाने सांगतो. चौकातल्या फलकाला गावाची संमती आहे असे माणूस धरून चालतो. "एकरी दुप्पट उत्पन्न" हे शब्द भाताच्या किंवा नागलीच्या शेतकऱ्याला कर्ज काढायला लावू शकतात. वाण आपल्या वरकस जमिनीला आणि पावसाला जुळतो का, हे विचारूनच अशा फलकाला जागा द्यावी. तंबाखू-सिगारेटची जाहिरात २००३ च्या कायद्याने बंद आहे. गंभीर आजार हमखास बरे करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. अशांना भाडे कितीही मिळो, नकारच द्यावा.

घराच्या भिंतीचेही असेच आहे. रंगारी येतो, टोपी किंवा पिशवी देतो आणि सगळी भिंत रंगवून जातो. भिंत तुमची आहे. मुदत आणि रक्कम चिठ्ठीवर लिहून घ्या, त्याची सही घ्या आणि चिठ्ठी सातबाऱ्याबरोबर ठेवा.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी बहुतेक गावांत ग्रामसभा भरते. पुढच्या सभेला जाण्यापूर्वी गावातले फलक मोजून जा आणि प्रत्येकाचा ठराव व पावती दाखवायला सांगा. ज्याचा कागद निघणार नाही, त्याच्या मालकाला ग्रामपंचायतीने नोटीस द्यावी. तेवढा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने तिला दिलेला आहे.